क्वेबेक कॅनडातून फुटता फुटता कसं राहिलं? फ्रेंच भाषकांच्या राष्ट्रवादाची पाळंमुळं

कृष्णाकाठ

क्वेबेक पुन्हा बातम्यांत आलंय. कॅनडाच्या या फ्रेंच भाषक प्रांताने वेगळा देश व्हावं म्हणणारी पार्ती केबेक्वा सत्तेत आली तर पहिल्याच कार्यकाळात त्यावर सार्वमत घेऊ, असं त्यांचे नेते पॉल सें-पिएर प्लामोंदों सांगत आलेत, आणि प्रांतिक निवडणूक ऑक्टोबर २०२६ ची ठरलेली आहे. आपल्याकडे या विषयाची मांडणी बहुतेक वेळा ‘फ्रेंच विरुद्ध इंग्रज, जुनं वैर’ एवढ्यावर आटोपते. तेवढ्याने काहीच उलगडत नाही, म्हणून हा धागा.

१७५९ साली क्वेबेक शहराबाहेरच्या पठारावर फ्रेंच फौज हरली आणि १७६३ च्या पॅरिस तहाने वसाहत ब्रिटिशांकडे गेली, हे खरं. पण १८३७-३८ चं, पापिनो या फ्रेंच नेत्याच्या अनुयायांचं बंड सोडलं, तर पुढची जवळपास दोनशे वर्षं वेगळा देश मागणारा एकही मोठा पक्ष उभा राहिला नाही. मग १९६० ते १९७६ या सोळा वर्षांत हीच मागणी मूठभर लोकांच्या बैठकांतून थेट सत्तेत जाऊन बसली. जुनं वैर हेच कारण असेल, तर ते दोनशे वर्षं कुठे होतं?

१९६० पर्यंतचं चित्र बघा. प्रांतातले दहापैकी आठ लोक फ्रेंच बोलणारे. पण मॉन्ट्रियलमधल्या बँका, विमा कंपन्या, रेल्वे आणि कागद गिरण्यांच्या मुख्यालयांत कारभार इंग्रजीत. शाळा आणि इस्पितळं कॅथलिक चर्चच्या हातात. १९४४ ते १९५९ सलग प्रीमियर (प्रांताचा मुख्यमंत्री) राहिलेल्या मोरिस द्यूप्लेसीने हीच घडी जपली. कामगार संघटना दाबायच्या, खाणी अमेरिकी भांडवलाला द्यायच्या, शिक्षण चर्चवर सोडायचं. राष्ट्रवादी तोही होता. १९४८ चा निळा-पांढरा ध्वज त्याच्याच सरकारने आणला, १९५४ साली प्रांताचा स्वतंत्र आयकर त्यानेच लावला. (आजही क्वेबेकात राहणारा माणूस दोन विवरणपत्रं भरतो, एक ओटावाला, म्हणजे केंद्राला, आणि एक प्रांताला.) पण तो राखणीचा राष्ट्रवाद होता. सरकार हाताशी धरून काही उभारायचं, ही कल्पनाच त्यात नव्हती.

द्यूप्लेसी सप्टेंबर १९५९ मध्ये गेला, जून १९६० मध्ये ज्याँ लसाजचे लिबरल निवडून आले आणि सगळं भराभर पालटलं. १९६२ ची निवडणूक तर विजेच्या एकाच मुद्द्यावर लढवली गेली. मे १९६३ मध्ये अकरा खासगी वीज कंपन्या हायड्रो-क्वेबेक या सरकारी वीज मंडळात आल्या. खात्याचा मंत्री होता रेने लेव्हेक. १९६४ मध्ये शिक्षण खातं निघालं, १९६५ मध्ये ‘केस द देपो’ ही गुंतवणूक संस्था, १९६६ मध्ये प्रांताची वेगळी पेन्शन योजना. पेन्शनचा पैसा या संस्थेत जायचा आणि तिथून क्वेबेकमधल्या उद्योगांत आणि रोख्यांत. मॅनिक-५ सारखं अवाढव्य धरण फ्रेंच बोलणाऱ्या इंजिनिअरांनी फ्रेंचमध्ये काम करून बांधलं.

त्याच सुमारास केंद्राने नेमलेल्या द्विभाषा आयोगाने १९६१ च्या जनगणनेवरून उत्पन्नाचे आकडे काढले. क्वेबेकमधल्या चौदा वांशिक गटांत फ्रेंच बारावे. स्वतःच्या प्रांतात, बहुसंख्य असून. शिवाय फक्त इंग्रजी येणारा माणूस दोन्ही भाषा येणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा जास्त कमवत होता. माझ्या मते ठिणगी इथे आहे. नव्या विद्यापीठांतून शिकून निघालेला वर्ग सरकारात आणि वीज मंडळात वर चढला, आणि खासगी कंपनीच्या दारात अडला. १९६८ मध्ये लेव्हेकने पार्ती केबेक्वा काढली ती याच वर्गाच्या बळावर. १९७० मध्ये २३ टक्के मतं, १९७३ मध्ये ३०, १९७६ मध्ये ४१ टक्के आणि ११० पैकी ७१ जागा.

अनुस्वार

उत्तम सुरुवात. दोन गोष्टी जोडतो, कारण त्यांच्याशिवाय १९७६ पर्यंत पोचता येत नाही.

पहिली म्हणजे, ‘आपण’ कोण याची व्याख्याच बदलली. आधी ‘फ्रेंच-कॅनेडियन’ म्हणजे ऑन्टारिओ, मॅनिटोबा, न्यू ब्रन्सविक इथलेही फ्रेंच कॅथलिक. मॅनिटोबाने १८९० मध्ये फ्रेंचचा सरकारी दर्जा काढला, ऑन्टारिओने १९१२ च्या नियम १७ ने शाळांतली फ्रेंच जवळपास बंद केली. हे घाव सगळ्यांचे होते. पण प्रांताचं सरकार हेच हत्यार ठरल्यावर प्रांताबाहेरचे लोक आपोआप बाहेर पडले. १९६७ च्या मॉन्ट्रियलच्या महासभेत ही फूट उघड झाली. क्वेबेकचे प्रतिनिधी स्वयंनिर्णयाच्या बाजूने, ऑन्टारिओचे फ्रेंच बहुतांशी विरोधात. राष्ट्र भूगोलाला बांधलं गेलं आणि बाहेरचे दहा लाखांच्या आसपास फ्रेंच भाषक एकटे पडले. या चळवळीने मोजलेली ही सगळ्यात मोठी किंमत, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुसरी गोष्ट शाळांची. चर्चची पकड सुटली तसा जन्मदर कोसळला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाईमागे चारच्या आसपास मुलं, १९७० च्या सुमारास २.१ च्याही खाली. दोनशे वर्षं फ्रेंच समाज संख्येवर टिकला होता, ती संख्या आता बाहेरून येणाऱ्यांतून भरून निघायला हवी होती. आणि बाहेरून येणारे इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज आपली मुलं इंग्रजी शाळेत घालत होते, दहापैकी आठ-नऊ जण. त्यांचं चुकत नव्हतं, नोकरी इंग्रजीत होती.

१९६८ मध्ये मॉन्ट्रियलच्या सें-लेओनार उपनगरात शाळा मंडळाने इटालियन मुलांचे द्विभाषी वर्ग बंद करायचं ठरवलं आणि रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या. पुढचे तीन कायदे म्हणजे या एकाच गाठीवरचे तीन प्रयत्न.

१९६९ चा कायदा ६३: पालकांना माध्यमाची मुभा. फ्रेंच बाजू खवळली.

१९७४ चा कायदा २२: फ्रेंच अधिकृत भाषा, पण इंग्रजी शाळेत जायचं तर मुलाने इंग्रजीची चाचणी द्यायची. सहा-सात वर्षांच्या पोरांची परीक्षा! इंग्रज, इटालियन आणि फ्रेंच तिघेही नाराज झाले, आणि लिबरलांच्या १९७६ च्या पराभवात याचा मोठा वाटा आहे.

२६ ऑगस्ट १९७७ चा कायदा १०१, कामिय लोराँ यांचा: चाचणी रद्द, पालकाची शाळा बघायची. आई किंवा वडील क्वेबेकात इंग्रजीतून शिकले असतील तरच मुलाला इंग्रजी शाळा. पन्नास आणि त्याहून अधिक कामगारांच्या कंपनीने फ्रेंचमध्ये काम चालतं असं प्रमाणपत्र घ्यायचं. दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंच.

सन लाइफ विमा कंपनीने जानेवारी १९७८ मध्ये मुख्यालय टोरांटोला हलवण्याची घोषणा केली आणि कारण हाच कायदा सांगितला. १९७६ ते ८१ या काळात लाखाच्या आसपास इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले. पण शाळांचा हिशेब पूर्ण उलटला. आज स्थलांतरितांची दहापैकी नऊच्या आसपास मुलं फ्रेंचमध्ये शिकतात.

मेघना_टी

शाळेचा नियम अजून तसाच आहे का? मॉन्ट्रियलमध्ये आयटीतली नोकरी घेऊन येणारी मराठी कुटुंबं हे हमखास विचारतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उलटसुलट उत्तरं फिरतात.

अनुस्वार

गाभा तोच, तपशील बदलले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘क्वेबेकात’ ही अट मोडली, आता ‘कॅनडात’ आहे. कॅनडाचा नागरिक असलेल्या आई किंवा वडिलांनी प्राथमिक शिक्षणाचा मोठा भाग कॅनडात इंग्रजीतून घेतला असेल, तर मुलाला पात्रतेचा दाखला मिळतो. पुण्या-मुंबईत आई-बाबा इंग्रजी माध्यमात शिकले, हे धरत नाहीत.

तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना सूट मिळते. २०२२ च्या कायदा ९६ (नवा भाषा कायदा) नंतर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आणि पुढे न वाढणारी. गफलत इथेच होते. सूट आहे म्हणून मूल इंग्रजी शाळेत जातं, तीन वर्षं संपतात, आणि मग तिसरी-चौथीत त्याला एकदम फ्रेंच शाळेत जावं लागतं. कायम राहायचा विचार असेल, तर पहिल्या दिवसापासून फ्रेंच शाळेचा स्वागतवर्ग घेतलेला बरा. तिथे नव्या मुलांना आधी भाषा शिकवतात आणि मग नेहमीच्या वर्गात सोडतात. लहान वयात हे पटकन होतं, बाराव्या-तेराव्या वर्षी नाही.

अजिबात अनुदान न घेणाऱ्या खासगी इंग्रजी शाळेत कुणालाही जाता येतं. पूर्वी तिथे वर्षभर मूल ठेवून अनुदानित इंग्रजी शाळेची पात्रता मिळवायची पळवाट होती. २००२ मध्ये ती बंद केली, २००९ मध्ये न्यायालयाने ती बंदी उडवली, २०१० मध्ये गुणांकनाची कडक पद्धत आली. त्या वाटेवर पैसा आणि वर्षं दोन्ही जातात.

आणि कायमच्या वास्तव्याचा अर्जही इथे वेगळा. १९९१ च्या करारानुसार नोकरी-कौशल्याच्या वर्गातले स्थलांतरित क्वेबेक स्वतः निवडतं. आधी प्रांताचं निवडपत्र, मग केंद्राकडे अर्ज. बाकी कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री क्वेबेकात राहू इच्छिणाऱ्यांसाठी नाही.

सोनचाफा

कृष्णाकाठ, तुमची उत्पन्नाची मांडणी १९७६ पर्यंत चालते, तिथून पुढे नाही. १९८० पर्यंत फ्रेंच माणसाचं उत्पन्न झपाट्याने वर आलं होतं, १९९० पर्यंत फ्रेंच उद्योगपतींचा अख्खा वर्ग उभा होता. तरीही वेगळं व्हायच्या सार्वमतात ‘होय’ १९८० मध्ये ४०.४४ टक्के आणि १९९५ मध्ये ४९.४२. पोट भरलेलं असताना मत का वाढलं?

माझं उत्तर: राज्यघटना. मे १९८० च्या सार्वमताच्या आठवडाभर आधी पंतप्रधान पिएर ट्रूडोंनी मॉन्ट्रियलच्या सभेत सांगितलं की ‘नाही’ म्हणालात तर घटना नव्याने घडवू. क्वेबेकने ‘नाही’ म्हटलं. मग नोव्हेंबर १९८१ मध्ये ओटावात वाटाघाटी झाल्या आणि ४ तारखेच्या रात्री बाकी प्रांतांशी तडजोड झाली. क्वेबेकचे तेव्हाचे प्रीमियर लेव्हेक नदीपलीकडे हलच्या हॉटेलात होते, सकाळी न्याहारीला आले तेव्हा मसुदा तयार. १७ एप्रिल १९८२ ला राणीने सही केली. क्वेबेकच्या विधानसभेने त्या घटनेला आजवर मान्यता दिलेली नाही, लागू मात्र ती पूर्ण आहे.

ही जखम भरायला १९८७ मध्ये मीच लेक करार झाला. मागण्या पाचच: वेगळा समाज म्हणून उल्लेख, घटनादुरुस्तीत नकाराधिकार, सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायाधीश, स्थलांतरात वाटा, केंद्राच्या खर्चाधिकारावर मर्यादा. सगळ्या प्रांतांनी तीन वर्षांत मंजूर करायचं होतं. तीन वर्षांत सरकारं बदलतात, हे कुणी नीट मोजलंच नाही, आणि न्यू ब्रन्सविक, मॅनिटोबा, न्यूफाउंडलंड तिन्हीकडे ती बदलली.

डिसेंबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त-फ्रेंच पाट्यांचा नियम रद्द केला. क्वेबेकच्या बुरासा सरकारने काही दिवसांतच घटनेतलं अपवादाचं कलम ३३ (काही मूलभूत हक्क बाजूला ठेवून कायदा करायची मुभा देणारं) वापरून कायदा १७८ आणला: बाहेरची पाटी फ्रेंचच. त्यांचे तीन इंग्रजी भाषक मंत्री राजीनामा देऊन गेले, आणि मॅनिटोबाच्या प्रीमियरने मीच लेकचा ठराव तिथल्या तिथे मागे घेतला. पुढे जून १९९० मध्ये मॅनिटोबाच्या विधानसभेत एलायजा हार्पर या ओजी-क्री मूलनिवासी आमदाराने एकमताला नकार दिला. मूलनिवासींना या करारात काहीच नव्हतं, आणि त्याचा नकार रास्त होता. २३ जूनला मुदत संपली. १९९३ च्या केंद्रीय निवडणुकीत ल्यूसियाँ बूशारच्या ब्लॉक केबेक्वाला ५४ जागा मिळाल्या, आणि देश फोडू पाहणारा पक्ष ओटावात अधिकृत विरोधी पक्ष झाला.

म्हणून १९७६ चं मत नोकरीचं, १९९५ चं मत अवहेलनेचं. दोन्ही एकाच खात्यात टाकू नका.

कृष्णाकाठ

सोनचाफा, अवहेलनेचा मुद्दा मान्य. पण ती अवहेलना ४९ टक्क्यांपर्यंत नेणारी माणसं, पैसा आणि आत्मविश्वास साठच्या दशकातल्या संस्थांतूनच आले. १९९५ चे प्रीमियर जाक पारिझो मूळचे अर्थतज्ज्ञ, ‘केस द देपो’च्या उभारणीत होते. सार्वमत जिंकल्यास दुसऱ्या दिवशी रोखेबाजार सावरायला याच संस्थेचा आणि हायड्रोचा पैसा तयार ठेवायची त्यांची योजना होती. १९३० मध्ये अवहेलना कमी नव्हती, हे साधन नव्हतं.

मतपेटी

१९९५ ची यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे. क्वेबेकचा १९७८ चा सार्वमत कायदा कडक आहे. सरकारने विधानसभेत प्रश्न मांडायचा, त्यावर ३५ तास चर्चा. मग ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोनच छत्र-समित्या, प्रत्येकीला खर्चाची समान मर्यादा. १९९५ मध्ये ती सुमारे पन्नास लाख डॉलर होती. समितीबाहेर कुणी खर्च करायचा नाही.

प्रश्नाची भाषा मात्र दोन्ही वेळा गुळमुळीत. १९८० मध्ये मागितलं काय, तर वाटाघाटी करण्याचा अधिकार: सार्वभौमत्व, पण चलन कॅनडाचंच, आणि शेवटचा बदल दुसऱ्या सार्वमताशिवाय नाही. १९९५ मध्ये: कॅनडाला आर्थिक-राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव देऊन मग सार्वभौम व्हावं का, आणि तेही एक विधेयक आणि १२ जूनच्या तीन पक्षांच्या कराराच्या चौकटीत. मतपत्रिकेवर त्या कराराचा मजकूर नव्हता. पारिझोंना सरळ प्रश्न हवा होता, पण भागीदारीचं शेपूट लावल्याशिवाय काठावरचे मतदार येत नव्हते. ७ ऑक्टोबरला बूशार मुख्य वाटाघाटीकार जाहीर झाले आणि मागे पडलेली ‘होय’ बाजू पंधरवड्यात पुढे गेली.

३० ऑक्टोबरचा निकाल: होय २३,०८,३६०, नाही २३,६२,६४८. फरक ५४,२८८. मतदान ९३.५२ टक्के. बाद मतं ८६,५०१, म्हणजे फरकापेक्षा जास्त.

बाद मतांचं थोडं खोलात. शोमेदे मतदारसंघात दर नऊ मतपत्रिकांत जवळपास एक बाद ठरली, आणि तिथे ‘नाही’चं प्राबल्य होतं. पेन्सिलीची फुली वर्तुळाबाहेर गेली, रेघ वाकडी आली, असल्या कारणांवर. केंद्राधिकारी ‘होय’ बाजूच्या शिफारशीने नेमलेले, मदतनीस ‘नाही’च्या. काहींवर खटले झाले, ते टिकले नाहीत. दुसऱ्या बाजूनेही कायदा वाकवला. २७ ऑक्टोबरच्या मॉन्ट्रियलच्या विराट एकता सभेसाठी देशभरातून स्वस्त विमान आणि रेल्वे तिकिटांनी लोक आणले, तो खर्च कुठल्याच समितीच्या हिशेबात आला नाही. २००७ च्या चौकशीत ‘नाही’ बाजूचा पाच लाख डॉलरहून अधिक बेकायदा खर्च वेगळा निघाला.

त्या रात्री पारिझो ‘पैसा आणि वांशिक मतं’ यांनी हरवलं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी राजीनाम्याची घोषणा केली. त्या वाक्याने चळवळीचं जेवढं नुकसान केलं तेवढं ओटावाने केलं नसेल. कायदा १०१ खाली फ्रेंच शाळेत शिकलेली स्थलांतरितांची मुलं तेव्हा नुकती मतदार होत होती, त्यांना परकं ठरवलं गेलं.

डोंगरवाट

उत्तरेकडचा भाग कुणीच काढला नाही. क्वेबेकच्या नकाशातला उत्तरेचा प्रचंड प्रदेश १८९८ आणि १९१२ मध्ये केंद्राने प्रांताला जोडून दिलेला आहे. तिथे क्री आणि इनुइट राहतात, आणि प्रांताचे मोठे जलविद्युत प्रकल्प तिथल्या नद्यांवर आहेत. १९७५ चा जेम्स बे करार क्री-इनुइट, प्रांत आणि केंद्र असा सगळ्यांमध्ये झालेला.

प्रांताच्या सार्वमताच्या सहा दिवस आधी, २४ ऑक्टोबर १९९५ ला क्रींनी स्वतःचं सार्वमत घेतलं. ९६ टक्के लोकांनी कॅनडातून बाहेर नेलं जाण्याला नकार दिला. त्यांचा मुख्य नेता मॅथ्यू कून कम याचा मुद्दा बिनतोड होता: कॅनडा विभागता येत असेल तर क्वेबेकही विभागता येतो. वीज उत्तरेत आणि मतं दक्षिणेत, ही अडचण फुटीरवाद्यांच्या कुठल्याही आराखड्यात सुटलेली दिसत नाही.

गावकूस

हाच ‘कुणाचं मत, कुठल्या सीमेत मोजायचं’ हा प्रश्न स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच भाषकांनी अक्षरशः पायरी-पायरीने सोडवला. तो देशही संघराज्य, म्हणून इथे लिहितो.

१८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने जुरा हा फ्रेंच बोलणारा डोंगराळ भाग जर्मन बोलणाऱ्या बर्न कॅन्टनला (कॅन्टन म्हणजे तिथला प्रांत) देऊन टाकला. १९४७ मध्ये जॉर्ज म्योक्ली या जुराच्या मंत्र्याला बर्नच्या विधानसभेने बांधकाम खातं नाकारलं, कारण एवढं महत्त्वाचं खातं फ्रेंच भाषकाकडे नको. तिथून चळवळ पेटली. त्यांना देश नको होता, स्वतःचा कॅन्टन हवा होता.

बर्नने शेवटी साखळी मतदान ठरवलं. पहिली पायरी, २३ जून १९७४: साती जिल्ह्यांत एकत्र मत. होय ३६,८०२, नाही ३४,०५७. दुसरी पायरी: जिथे कौल वेगळा गेला त्या जिल्ह्यातल्या एक-पंचमांश मतदारांनी मागणी केली, तर त्या जिल्ह्यापुरतं पुन्हा मत. मार्च १९७५ मध्ये दक्षिणेचे तीन जिल्हे बर्नमध्येच राहिले. तिसरी पायरी: नव्या सीमेवरच्या गावांना एकेकटं मत. मग घटना समिती, आणि २४ सप्टेंबर १९७८ ला अख्ख्या स्वित्झर्लंडचं मतदान, ८२ टक्के होय. १ जानेवारी १९७९ ला जुरा कॅन्टन झाला.

भाषा एक असून दक्षिण का राहिली? उत्तर कॅथलिक, दक्षिण प्रोटेस्टंट, बर्नसारखी. भाषेच्या रेघेवर धर्माची रेघ आडवी आली.

आणि मूतिए हे गाव! ते १९७५ मध्ये बर्नमध्येच राहिलं. जून २०१७ च्या मतदानात जुराकडे झुकलं, पण मतदारयादीतल्या घोळामुळे आणि पालिकेच्या प्रचारामुळे निकाल रद्द झाला. २८ मार्च २०२१ ला केंद्राच्या निरीक्षकांसमोर पुन्हा मतदान, २,११४ विरुद्ध १,७४०. १ जानेवारी २०२६ पासून गाव जुरात आहे. चार हजार मतदारांच्या गावासाठी एवढी खटपट, आणि ती योग्यच, कारण निकालावर हरलेल्याचाही विश्वास बसला पाहिजे.

मेघना_टी

गाव हा घटक धरून मतदान म्हटल्यावर बेळगाव-कारवारची मागणी आठवतेच. पाटसकर तत्त्वातही खेडं हाच घटक.

गावकूस

घटकापुरतं साम्य बरोबर: खेडं, सलगता, भाषिक बहुमत, लोकेच्छा. फरक अधिकाराचा. आपल्या घटनेच्या कलम ३ नुसार सीमा बदलणं संसदेच्या हातात, विधानसभेचं फक्त मत विचारायचं. गावाला मतदानाचा हक्क कुठेच नाही. जुरात बर्नने स्वतःची घटना दुरुस्त करून तो हक्क आधी दिला आणि मग मतपेट्या मांडल्या.

मतपेटी

आता प्लामोंदोंच्या सार्वमताकडे येऊ, कारण १९९५ नंतर नियम बदललेत.

ऑगस्ट १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सल्ला दिला: क्वेबेकला एकतर्फी फुटायचा हक्क ना कॅनडाच्या घटनेत, ना आंतरराष्ट्रीय कायद्यात. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं, तर बाकी कॅनडाला वाटाघाटीला बसावंच लागेल. दोन्ही बाजूंना हवं ते अर्धं मिळालं. त्यावर २००० साली केंद्राने स्पष्टता कायदा केला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री स्तेफान दिओं यांच्या पुढाकाराने. प्रांताने प्रश्न जाहीर केल्यापासून तीस दिवसांत केंद्राच्या लोकसभेने तो स्पष्ट आहे की नाही ते ठरवायचं. नुसता वाटाघाटींचा अधिकार मागणारा किंवा भागीदारीची जोड दिलेला प्रश्न अस्पष्ट धरायचा. म्हणजे १९८० आणि १९९५ चे दोन्ही प्रश्न आज पहिल्याच चाळणीत अडकतील. निकालानंतर बहुमत पुरेसं आहे का तेही लोकसभाच बघणार. टक्केवारी लिहिलेली नाही; फरक, मतदानाचं प्रमाण आणि इतर बाबी बघायच्या, एवढंच. मग सीमा, कर्ज, मूलनिवासींचे हक्क यांवर वाटाघाटी आणि शेवटी घटनादुरुस्ती.

अनुस्वार

आणि मतदार आहेत का, हा प्रश्न उरतोच. पार्ती केबेक्वाला २०२२ च्या निवडणुकीत तीन जागा होत्या. तिथून ती पुन्हा वर आली, पण तिला मत देणारे सगळे फुटायच्या बाजूचे नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: कायदा १०१ ने फ्रेंच शाळा आणि फ्रेंच नोकरी मिळवून दिली, आणि त्यामुळेच वेगळ्या देशाची निकड कमी झाली. कॅनडाला एकत्र ठेवण्यात लोराँच्या कायद्याचा वाटा ट्रूडोंच्या द्विभाषा धोरणापेक्षा मोठा आहे.

सोनचाफा

निकड कमी झाली, भीती नाही. मॉन्ट्रियलमध्ये घरात फ्रेंच बोलणाऱ्यांचं प्रमाण घटतंय, इंटरनेट इंग्रजीत आहे. म्हणूनच वेगळा देश न मागणाऱ्या, तेव्हाचे प्रीमियर फ्रान्स्वा लगो यांच्या सरकारनेसुद्धा २०२२ मध्ये कायदा ९६ आणला. फ्रेंचीकरणाची अट पन्नासवरून पंचवीस कामगारांवर, इंग्रजी सेजेपच्या (शाळेनंतरच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या) जागांवर मर्यादा, जून २०२५ पासून परकी ब्रँडनावं असलेल्या पाट्यांवरही फ्रेंचला दुप्पट जागा. आणि हे सगळं कलम ३३ च्या ढालीआड. १९८८ मध्ये याच ढालीने मीच लेक बुडाला. आता बाकी प्रांत तिच्यावर तेवढे पेटत नाहीत, कारण त्यांतले काही स्वतःच ती वापरतात.

कृष्णाकाठ

मतपेटी, बहुमताच्या टक्केवारीवर एक भर. स्पष्टता कायद्याला उत्तर म्हणून क्वेबेकच्या विधानसभेने त्याच वर्षी कायदा ९९ केला, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: पन्नास टक्के अधिक एक मत म्हणजे बहुमत. त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि क्वेबेकच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो प्रांताच्या अधिकारकक्षेत वाचून वैध ठरवला. तेव्हा आज एकाच मतमोजणीसाठी दोन कायदे आहेत, एक ओटावाचा, एक क्वेबेकचा. ५५-६० टक्के आले तर प्रश्न नाही. ५०.६ आले, तर क्वेबेकच्या कायद्याने देश मागायचा कौल मिळाला आणि ओटावाच्या कायद्याने तो पुरेसा आहे की नाही हे अजून ठरायचं. प्लामोंदोंनी प्रचारात सगळ्यात आधी याचं उत्तर द्यायला हवं, आणि ओटावानेही आपला आकडा मतदानाआधी सांगायला हवा, नंतर नाही.